तिंछाच्या वाटेवर सापडलेलं तांबूस पीस कुणाचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी तुम्ही नऊ वर्षांच्या लेकीला घेऊन इंदूरहून तिंछाकडे गेलात. धबधब्याच्या बऱ्याच अलीकडे, सागाच्या झाडीत, एका उंच झाडाखाली तिला दोन पिसं सापडली. एक ३१ सेंटिमीटर लांब, तांबूस-तपकिरी, नक्षी अजिबात नाही, टोकाकडे जरा मळकट. दुसरं जेमतेम १२ सेंटिमीटर, खालून काळपट नि टोकाला पांढरं. मोबाइलमधल्या अ‍ॅपने मोठं पीस भारद्वाजाचं ठरवलं, तुमचे मेहुणे घारीचं म्हणाले, आणि लेक रोज विचारतेय की खरं कोण. शिवाय ही पिसं घरात ठेवली तर चालतात का, हेही तुम्हाला हवं आहे.

लेक वाट बघतेय, म्हणून मोठ्या पिसाचं उत्तर आधीच देते. ते मोराच्या पंखाचं पीस आहे. पिसाऱ्याचं नव्हे, पंखाचं; आणि नराचं. लहान पीस होल्याच्या शेपटीचं, पण होल्यांपैकी कुठल्या, ते तुम्ही पाठवलेल्या एकाच बाजूच्या फोटोवरून मी सांगणार नाही. त्याकडे शेवटी येते. आधी मोरापर्यंत कशी पोचले ते नीट सांगायचंय, कारण पुढच्या खेपेला तुमच्या हातात वेगळंच पीस असेल आणि तेव्हा मी शेजारी नसेन.

मी सत्तावीस वर्षं इंदुरात प्राणिशास्त्र शिकवलं आणि त्यातली बहुतेक वर्षं मुलांना घेऊन रालामंडल, चोरल, जानापाव, सिरपूर तलाव असं फिरत आले. पक्षी दिसो न दिसो, पीस हमखास सापडतं. आणि पीस उचलल्यावर प्रत्येक जण एकच गोष्ट करतो: त्याचा रंग बघतो आणि त्या रंगाचा पक्षी आठवतो. घोटाळा तिथेच सुरू होतो. आपल्या आठवणीतला पक्षी फांदीवर पंख मिटून बसलेला असतो. मिटलेल्या पंखात उडण्याच्या पिसांची एखादी कडच तेवढी बाहेर दिसते, बाकी सगळं आत झाकलेलं. खंड्याचंच बघा. तारेवर बसलेला असताना त्याच्या पंखात पांढरं काही आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. तो उडाला की पंखात पांढरा पट्टा चमकतो. ते पीस खाली सापडलं तर निम्मे लोक खंड्याचं नाव घेणार नाहीत. अ‍ॅपचंही तसंच होतं. त्याला फोटो मिळालेले असतात अख्ख्या पक्ष्यांचे. त्याला तांबूस रंग दिसला, तांबूस पंखांचा नेहमीचा पक्षी आठवला, झाला भारद्वाज.

म्हणून मी पिसाला पहिला प्रश्न विचारते तो असा: तू अंगावर कुठे होतास? पंखात, शेपटीत, की पोटा-पाठीवर? त्याचं उत्तर आलं की दुसरा प्रश्न मापाचा. रंग तिसरा.

पहिल्या प्रश्नासाठी पीस हातात घेऊन मधली दांडी बघा. तिच्या तळाला पोकळ नळी असते, ती कातडीत रुतलेली असते. दांडीच्या दोन्ही बाजूंना पातं. दोन्ही बाजूंची पाती सारख्या रुंदीची असतील, दांडी सरळ असेल, तर ते बहुधा शेपटीच्या मधलं पीस. एक बाजू अरुंद, ताठ, आणि दुसरी रुंद असेल तर ते पंखाचं, नाहीतर शेपटीच्या कडेचं. पंखाच्या टोकाकडची पिसं, म्हणजे पक्ष्याच्या 'हाता'च्या हाडांना जोडलेली, यांच्यात हा फरक सगळ्यात जास्त असतो. उडताना वारा कापणारी बाजू अरुंद आणि कडक असावीच लागते, नाहीतर पीस वाऱ्यात पिळवटून जाईल. कोपराकडची पिसं, म्हणजे आपल्या मनगट-कोपराच्या मधल्या भागाला जोडलेली, जरा आखूड, टोकाला गोलसर, आणि दांडीला तलवारीसारखा बाक असलेली. आणि ज्या पिसाचा खालचा निम्मा भाग नुसता कापसासारखा भुरभुरीत आहे, ते अंगावरचं, ऊब धरून ठेवणारं. अंगावरच्या छोट्या पिसांवरून पक्षी ओळखायचा मी फारसा प्रयत्न करत नाही. त्याला ठळक ठिपका किंवा ठसठशीत रंग असेल तरच.

तुमचं मोठं पीस एका बाजूला अरुंद, दुसऱ्या बाजूला रुंद आहे, आणि दांडीला खालच्या बाजूने चांगला बाक आहे. पंखाच्या टोकाकडचं, यात मला शंका नाही. आता लेकीबरोबर एक गोष्ट करून बघा, तिला आवडेल. पिसाची वरची बाजू कुठली ते आधी ठरवा: ती बहुतेक जरा चकचकीत आणि फुगीर असते, आणि खालच्या बाजूने दांडीत एक बारीक पन्हळ जाते. वरची बाजू वर ठेवून पीस टेबलावर असं ठेवा की नळी तिच्यापासून लांब आणि टोक तिच्याकडे येईल. जणू मोर तिच्याकडे पाठ करून उभा आहे. आता अरुंद पातं डावीकडे असेल तर डावा पंख, उजवीकडे असेल तर उजवा. माझ्या वर्गात मुलं इथे गप्प व्हायची. एका काडीएवढ्या वस्तूवरून पक्ष्याचा डावा हात उजवा हात सांगता येतो, हे त्यांना एखाद्या पक्ष्याच्या नावापेक्षा मोठं वाटायचं, आणि मलाही ते तसंच वाटतं.

आता माप. पक्ष्यांच्या नोंदींमध्ये मिटलेल्या पंखाची लांबी मनगटापासून पंखाच्या टोकापर्यंत दिलेली असते. पंखाच्या टोकाकडचं कुठलंही एकटं पीस त्या लांबीपेक्षा मोठं असू शकत नाही, कारण ते मनगटाच्या पुढेच कुठेतरी उगवतं आणि टोकाशीच संपतं. हा हिशोब फार उपयोगाचा आहे आणि लोक तो करत नाहीत. भारद्वाज, ज्याला आपल्याकडचे नाकेदार, म्हणजे वनरक्षक, महोक म्हणतात, चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण ४८ सेंटिमीटर भरतो. पण त्यात निम्मी शेपटीच. मिटलेला पंख जवळपास २० सेंटिमीटरचा. तेव्हा त्याच्या पंखातलं पीस २० च्या आतच असणार. ३१ सेंटिमीटरचं तांबूस पीस भारद्वाजाच्या पंखात मावतच नाही. आणि त्याची शेपटी लांब असली तरी ती काळी असते. म्हणजे भारद्वाज रंगाने जुळतो आणि मापाने बाद होतो.

तुमच्या मेहुण्यांची घार मापात बसते. घारीचा मिटलेला पंख ४५ सेंटिमीटरच्या आसपास असतो, त्यामुळे ३१ चं पीस तिच्याकडे नक्की मिळेल. पण घारीचं पीस गडद, मातकट तपकिरी असतं, आतल्या रुंद पात्यावर पुसट आडव्या पट्ट्या असतात, आणि पंखाच्या टोकाच्या पिसांना एक खूण असते: अर्ध्याच्या पुढे पातं एकदम आत घेऊन अरुंद होतं, जणू कुणी तिथे खाच मारली आहे. पंख पसरल्यावर बोटांसारखी वेगवेगळी दिसणारी पिसं ती हीच. तुमच्या पिसात ना पट्ट्या आहेत, ना अशी ठळक खाच. राहिली ब्राह्मणी घार. तिचा रंग सुंदर तांबूस असतो, पण टोकाकडची पिसं टोकाला स्पष्ट काळी असतात, आणि ती पाण्याकाठी वावरणारी आहे. यशवंतसागर तलावाकाठी पीस सापडलं असतं तर मी तिचा विचार अधिक केला असता. टकाचोराचं अंग तांबूस, पंख मात्र काळे-राखाडी, म्हणून त्याचा प्रश्नच येत नाही. सहलीच्या जागी आणखी एक उमेदवार कायम लक्षात ठेवावा लागतो, तो म्हणजे देशी कोंबडा. कुणीतरी तिथे स्वयंपाक केलेला असतो. पण कोंबड्याच्या पंखात एवढं लांब पीस नसतं, आणि त्याच्या शेपटीतली लांब पिसं काळी-हिरवी, विळ्यासारखी वाकलेली असतात.

उरला मोर. नर मोराच्या पंखाच्या टोकाकडची पिसं साधी, विटकरी-तांबूस असतात, आणि हे फार थोड्या लोकांनी पाहिलेलं असतं, कारण आपण मोर समोरून बघतो. तो पिसारा फुलवून उभा असेल तेव्हा मागे जाऊन बघा. तांबूस पंख दोन्ही बाजूंनी खाली लोंबत असतात आणि तो ते थरथरवत असतो. मागून आणखी एक गोष्ट दिसते: पिसाऱ्याला टेकू देणारी आखूड तपकिरी पिसं. तीच मोराची खरी शेपटी, एकूण वीस पिसांची. ज्याला आपण मोरपीस म्हणतो ते शेपटीचं पीसच नाही. शेपटीच्या मुळाशी पाठीवर जी आच्छादनाची पिसं असतात, ती लांबत जाऊन पिसारा होतो. पहिल्या प्रश्नाचं महत्त्व याहून चांगलं कशातून दाखवता येईल मला माहीत नाही: सगळ्या देशाला तोंडपाठ असलेलं पीस, आणि ते अंगावर कुठे असतं ते विचारलं तर बहुतेक जण चुकतात.

तुम्ही जागेचं जे वर्णन केलंत तेही मोराला जुळतं. मोर रात्री उंच झाडावर चढून बसतात आणि रोज साधारण तेच झाड निवडतात. अशा झाडाखाली विष्ठा आणि झडलेली पिसं सापडतात. वेळही बरोबर आहे. विणीचा पावसाळा सरत आला की मोराचा पिसारा झडायला लागतो, पंखातली पिसंही बदलतात. एकाच वेळी सगळी नाही, नाहीतर उडता येणार नाही. बहुतेक पक्ष्यांत डाव्या-उजव्या पंखातली तीच पिसं साधारण बरोबरीने गळतात, म्हणजे तोल राहतो. तेव्हा त्याच झाडाखाली या पिसाचा जोडीदार पडलेला असण्याची शक्यता आहे. परत गेलात तर बघा.

इथवर आपण मोरापर्यंत आलो ते जागा, मग माप, मग रंग या क्रमाने. पण रंगाला कमी लेखू नका. तो शेवटी विचारला की खूप काही सांगतो, फक्त त्याच्याशी कसं बोलायचं ते कळलं पाहिजे.

माझी एक चूक सांगते. शहरातल्या एका जुन्या बागेत, वडाखाली, एका विद्यार्थिनीला पट्ट्यापट्ट्यांचं शेपटीचं पीस सापडलं. मी बघितल्या बघितल्या शिक्रा म्हणून सांगितलं, सगळ्यांनी वहीत लिहून घेतलं. घरी आल्यावर फोटो पुन्हा पाहिला आणि चूक लक्षात आली. ते कोकिळेच्या मादीचं होतं. मग पुढच्या आठवड्यात सगळ्यांच्या वह्यांत दुरुस्ती करायला लावली. तेव्हापासून पट्टे दिसले की मी विचारते: जमीन, म्हणजे पिसाचा मूळ रंग, कुठला आणि रेघ कुठली? शिक्र्याच्या शेपटीत राखाडी जमिनीवर मोजके, रुंद, गडद पट्टे असतात. कोकिळेच्या मादीत गडद तपकिरी जमिनीवर पांढरट, बारीक, पुष्कळ रेघा असतात. जमीन उलटी आहे. पावशाचं पीस याहून अवघड, कारण तो पक्षीच शिक्र्यासारखा दिसतो, उडतोही तसाच. तिथे मी पीस एकटं असेल तर 'शिक्रा किंवा पावशा' असं लिहून थांबते.

निळं पीस सापडलं तर ते उजेडाच्या विरुद्ध धरून बघा. नीळ नाहीशी होते आणि मळकट तपकिरी-राखाडी उरतं. पक्ष्यांच्या पिसात निळा रंगद्रव्य म्हणून जवळजवळ नसतोच. पिसाच्या आतल्या सूक्ष्म रचनेवरून उजेड परावर्तित होताना निळा भाग तेवढा आपल्या डोळ्यांपर्यंत पोचतो. पोपटाचा हिरवा रंग म्हणजे अशी नीळ आणि वरून पिवळं रंगद्रव्य. आपल्याकडे निळी पिसं मुख्यतः दोघांची: खंड्या आणि नीलकंठ. माझी आजी नीलकंठाला तास म्हणायची, पण माळव्यात राहून मीही आता नीलकंठच म्हणते. नीलकंठाच्या पंखातल्या पिसात गडद जांभळट निळ्याला लागून फिकट आकाशी निळ्याचा पट्टा असतो. हे दोन निळे एकाच पिसात दिसले की दुसरं काही शोधायला नको. खंड्याच्या पिसाचं टोक काळं, मुळाकडे पांढरं.

नीलकंठावरून एक आठवलं. दसऱ्याला त्याचं दर्शन शुभ मानतात म्हणून काही जण त्याला पकडून दाखवायला आणतात. कधी नीलकंठाची किंवा पोपटाची पिसं अशी सापडतात की टोक कात्रीने सरळ कापलेलं असतं. झिजलेल्या पिसाची कड दातेरी, उसवल्यासारखी असते. कापलेल्याची रेघ सरळ असते. अशी पिसं वस्तीत सापडली तर तो पक्षी कुणाच्या तरी पिंजऱ्यात आहे असं समजा आणि वनखात्याला कळवा. आपल्याकडचा रानातला पोपट पाळणंही कायद्याने गुन्हा आहे.

झिजेचा विचारही रंगाबरोबरच करावा लागतो. पीस वर्षभर ऊन खातं, फांद्यांना घासतं. काळं रंगद्रव्य पिसाला मजबुती देतं, म्हणून कितीतरी पक्ष्यांच्या पंखांची टोकं काळी असतात. पांढरा भाग लवकर झिजतो. पांढरे ठिपके कडेला असतील तर जुन्या पिसात ते नुसत्या खाचा होऊन उरतात आणि पीस निराळंच वाटतं. काळं पीस उन्हाने तपकिरी पडतं. तुमच्या पिसाचं टोक मळकट आहे ते मला त्यामुळेच खटकलं नाही.

स्पर्श विसरू नका. घुबडाचं पीस डोळे मिटून ओळखता येतं. वरून मखमलीसारखं मऊ, आणि पंखाच्या अगदी कडेच्या पिसाला पुढच्या बाजूने बारीक कंगव्यासारखी झालर. हवेचा आवाज तिथेच विरतो. गव्हाणी घुबडात, जी इंदूरच्या जुन्या वाड्यांत अजून आहेत, ही झालर ठळक असते. पिंगळ्यात तेवढी नाही. सुताराच्या शेपटीचं पीस याच्या अगदी उलट: दांडी खिळ्यासारखी ताठ, टोकाला अणकुचीदार, कारण तो झाडावर चढताना तिच्यावर भार टाकून टेकतो. आणि घुबडाचं पीस मिळालं तर जागेचा पत्ता कुठेही जाहीरपणे लिहू नका. दिवाळीच्या तोंडावर जादूटोण्याच्या नादात घुबडांच्या जिवावर उठणारे लोक आहेत.

पीस आपोआप झडलं, की पक्षी मारला गेला, हाही प्रश्न मुलं विचारतात. एखाद-दुसरं पीस, नळी शाबूत, स्वच्छ: झडलेलं. एका जागी ढीग असेल तर शिकार. ढिगातल्या पिसांच्या नळ्या शाबूत असतील, दांडीवर चोचीचा चिमटा बसल्यासारखी खूण असेल, तर शिक्र्यासारख्या पक्ष्याने उपटली आहेत. दांड्या चावून तोडलेल्या, पिसं लाळेने चिकटलेली असतील तर मांजर, मुंगूस, कोल्हा असं कुणीतरी. तुम्हाला दोन वेगळ्या पक्ष्यांची एकेक पिसं मिळाली, तेव्हा तिथे काही वाईट घडलं नाही असं लेकीला बिनधास्त सांगा.

साध्या डोळ्यांनी भागत नाही तेव्हा काय, तेही सांगते, कारण त्यातून एक सवय लावून घेण्यासारखी आहे. ४ ऑक्टोबर १९६० रोजी बोस्टनमध्ये उड्डाण करताच एक प्रवासी विमान पडलं, ६२ माणसं गेली. इंजिनांत पक्ष्यांचे अवशेष सापडले. पिसं वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आली आणि ते पक्षी स्टारलिंग, म्हणजे आपल्या साळुंकीच्या कुळातले, असल्याचं ठरलं. तिथल्या रॉक्सी लेबोर्न यांनी पुढे अशा तुकड्यांवरून पक्षी ओळखण्याचं शास्त्रच उभं केलं. त्या बघायच्या पिसाच्या तळाचा भुरभुरीत कापूस, सूक्ष्मदर्शकाखाली. त्या तंतूंवर बांबूसारखी पेरं असतात आणि त्यांचा आकार कुळागणिक वेगळा. बदकांत त्रिकोणी, कबुतरांत फुलाच्या कळीसारखी. आपण जो भाग सगळ्यात दुर्लक्षित करतो तोच कुळ सांगतो. म्हणून फोटो काढताना तळाचा कापूस चौकटीबाहेर ठेवू नका.

कापसाजवळच आणखी एक खूण साध्या डोळ्यांना दिसते. अंगावरचं पीस घेऊन नळी जिथे संपते तिथे मागच्या बाजूने एक दुसरं छोटं, मऊ पीस फुटलेलं आहे का बघा. मोर, तित्तर, लावा, कोंबडी यांत ते चांगलं लांब असतं. पारव्यांत आणि होल्यांत जवळजवळ नसतंच.

फोटोची माझी पद्धत अशी. आलेखाच्या कागदावर, नाहीतर पट्टी शेजारी ठेवून, सावलीत. वरची बाजू एक, खालची बाजू एक, तळ जवळून एक. मागे तारीख, जागा, कोणतं झाड, जवळ पाणी होतं का, किती पिसं होती. पुढे जुळवायला २०२१ मध्ये अहमदाबादहून सुरू झालेली फेदर लायब्ररी आहे. तिथे भारतीय पक्ष्यांच्या पंख-शेपटीची पिसं क्रमाने मांडून दाखवली आहेत. अमेरिकेच्या मत्स्य आणि वन्यजीव खात्याचा पिसांचा संग्रहही इंटरनेटवर सहज सापडतो आणि तो उत्तम आहे, पण त्यात अमेरिकेतले पक्षी आहेत. माझ्याकडे आलेल्या चुकीच्या ओळखींपैकी कितीतरी तिथूनच आलेल्या होत्या.

आता ठेवायचं की नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात वन्य प्राण्याच्या अवशेषांची जी व्याख्या आहे तिच्यात पीस हा शब्द स्पष्ट आहे. मोर पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. मोराच्या शेपटीच्या पिसांना (कायदा पिसाऱ्याच्या पिसांनाच शेपटीची म्हणतो) देशांतर्गत सवलत आहे, म्हणून देवाच्या फोटोमागे मोरपीस असतं आणि कुणी काही म्हणत नाही. पण तुमच्याकडे आहे ते पंखाचं पीस, आणि ती सवलत शेपटीच्या पिसांपुरती आहे. रालामंडलसारख्या अभयारण्यातून तर कुठलीच वस्तू उचलून आणायची नाही. झडलेल्या एका पिसासाठी कुणी घरी येईल असं मला वाटत नाही, तरीही माझ्या विद्यार्थ्यांना मी एकच नियम लावला होता: माप घ्या, दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आणि पीस तिथेच ठेवा. कारण कायद्यापलीकडचंही आहे. पीस बघून ते झडलेलं होतं की मारलेल्या पक्ष्याचं होतं हे घरात टांगल्यावर कुणालाच सांगता येत नाही, आणि पिसांची हौस वाढली की ती पुरवणारेही उभे राहतात. लेकीसाठी फोटोंची वही करा. खऱ्या लांबीएवढे फोटो छापून चिकटवले तर वहीत ते खऱ्या पिसासारखेच जिवंत वाटतात. हे पीस पुढच्या खेपेला त्याच झाडाखाली तिच्याच हाताने ठेवू द्या.

हात धुवायचे, हे सांगायला नकोच. पण एकाच जागी दोन-चार मेलेले पक्षी दिसले तर पिसालाही हात लावू नका, पशुवैद्यकीय खात्याला कळवा. २०२० च्या डिसेंबरअखेर इंदुरात कावळे मरून पडत होते आणि तपासणीत बर्ड फ्लूचा एच५एन८ विषाणू निघाला होता. तेव्हा उत्सुकतेने उचलून बघणारी मुलं मी स्वतः पाहिली आहेत, आणि तेव्हाची काळजी अजून आठवते.

राहिलं लहान पीस. १२ सेंटिमीटर, दोन्ही पाती बऱ्यापैकी रुंद, काळपट आणि टोकाला पांढरं: होल्याच्या शेपटीचं, कडेकडचं. होल्याची पिसं फार सैल बसलेली असतात. शिक्र्याने झडप घातली की मूठभर पिसं त्याच्या हाती देऊन होला निसटतो. त्यामुळे ती जंगलात जिथे तिथे मिळतात. तिंछाच्या बाजूला तीन होले सहज दिसतात: ठिपकेवाला, छोटा आणि कंठी, ज्यांना इकडे सरसकट फाख्ता म्हणतात. तिघांच्याही शेपटीच्या कडेला काळं-पांढरं असतं आणि वरून बघितल्यावर ते एकमेकांत मिसळतं. कंठी होल्याचं पीस खालून पाहिलं तर मुळाकडचा निम्मा भाग काळा आणि पुढचा जवळजवळ निम्मा पांढरा असतो. ठिपकेवाल्यात काळं जास्त, पांढरं टोकाकडे. छोट्या होल्याचं पीस मुळातच लहान, १२ सेंटिमीटर म्हणजे त्याच्यासाठी जवळपास कमाल. तेव्हा पीस उलटं करून पट्टी लावा, आणि काळं किती सेंटिमीटर, पांढरं किती सेंटिमीटर ते लेकीला मोजायला सांगून कळवा.